मधला भाऊ

आपल्याकडे डीजे हा माणूस नसून भिंत आहे. ट्रकवर रचलेल्या स्पीकरांच्या त्या कानठळी भिंतीला आपण डीजे म्हणतो. "डीजे लावला", "डीजे बंद करा", "पोलिसांनी डीजे जप्त केला" अशा सगळ्या वाक्यांत डीजे हे कर्म असतं, कर्ता कधीच नसतो. वास्तविक डीजे हे एका मनुष्यप्राण्याचं नाव. दोन यंत्रांवर दोन गाणी घेऊन तो पहिल्यातून दुसऱ्यात असा अलगद शिरतो, की नाचणाऱ्याला कुठलं गाणं कधी संपलं ते कळतच नाही.

हे ज्ञान मला भाच्यामुळे झालं. तो लग्नांत आणि वाढदिवसांत गाणी वाजवतो. एके दिवशी म्हणाला, "मामा, हजार घेऊ का आठशे?"

मी सवयीनं खिसा घट्ट धरला. पण हे रुपये नव्हते. पायोनियर कंपनीच्या सीडी वाजवायच्या डेकचे हे नंबर. सीडीजे-१००० मार्क ३ हा व्यावसायिकांचा, सीडीजे-८०० मार्क २ हा मधल्या पट्टीतला. दोघे सख्खे भाऊ, जन्म एकाच साली, २००६ मध्ये. आता दोघेही जुन्या बाजारात मिळतात. आणि घ्यायची जोडी, कारण एका डेकवर डीजे होत नाही. पैसे ताईच्या मोडलेल्या आवर्ती ठेवीचे होते. ठेव मुदतीआधी मोडली म्हणजे काय वेदना होतात ते बँकवाल्याला विचारा! तेव्हा मी बी.कॉम.च्या जोरावर समीक्षक झालो आणि दोन्ही जोड्या कान देऊन ऐकून आलो.

थोडा पूर्वेतिहास सांगतो, कंटाळू नका. पूर्वी हे काम रेकॉर्डवर चालायचं. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ सालचं. त्यावर पोसलेल्या डीजेंना सीडी म्हणजे झाकणाआड पळून गेलेलं गाणं वाटे, कारण हात लावायला काही उरलंच नाही. पायोनियरचा पहिला सीडीजे-५०० आला १९९४ साली. पण खरी क्रांती झाली २००१ च्या सीडीजे-१००० ने. त्याच्यावर मोठी गोल थाळी आहे. ती बोटानं थांबवली की गाणं थांबतं, मागे ओढली की गाणं मागे येतं, अगदी रेकॉर्डसारखं. गंमत अशी, की आतली सीडी या सगळ्यात थांबतच नाही. यंत्र गाणं आधीच वाचून स्मृतीत साठवतं आणि आपण वर ती स्मृती चाळवत बसतो. आमचं हेड ऑफिस असंच वर थाळी फिरवतं आणि इकडे शाखा आपल्या गतीनं फिरत असते.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे टक्केवारी. इथे मी घरी आलो.

समजा, गाण्याचा वेग मिनिटाला १२८ ठोके आहे. म्हणजे दोन ठोक्यांमध्ये ०.४७ सेकंद. दुसरं गाणं १२६ चं असेल तर पट्टी सरकवून ते सुमारे १.६ टक्के वाढवायचं. स्वस्तातल्या बऱ्याच डेकांवर ही पट्टी ०.१ टक्क्याच्या पायऱ्यांनी सरकते. तुम्ही म्हणाल, ०.१ टक्क्यानं काय होतंय? असं ठेवीदार म्हणतो आणि आम्ही मनात हसतो. ०.१ टक्क्याची चूक म्हणजे मिनिटाला ६० मिलिसेकंदांची घसरण. तीन मिनिटांत १८०. म्हणजे एका ठोक्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त! तोवर दोन गाणी एकाच जिन्यावरून उतरणाऱ्या दोन घोड्यांसारखी वाजायला लागतात. पट्टी ०.०२ टक्क्यानं सरकत असेल तर तीन मिनिटांत घसरण ३६ मिलिसेकंद, आणि तेवढी थाळीच्या कडेला बोट लावून सावरता येते.

आता ऐका. सहा टक्क्यांच्या पट्ट्यात थोरल्याची पायरी ०.०२ ची, आणि मधल्याचीही तेवढीच. ज्या कामासाठी यंत्र घ्यायचं त्या कामात दोघे सारखे!

मग थोरला जास्त पैसे कशाचे घेतो? त्याच्याकडे हॉट क्यूची तीन बटणं आहेत. गाण्यातल्या तीन जागा राखून ठेवायच्या आणि पाहिजे तेव्हा टुणकन तिथे उडी मारायची. थाळी जड लागावी की हलकी, ते ठरवता येतं. आणि पडद्यावर गाण्याची लाट दिसते. कुठे गाणं शांत होणार, कुठे उसळणार, ते आधीच कळतं. ऐनवेळी नवरदेवाच्या मित्रानं आणून दिलेल्या अनोळखी सीडीसाठी ही लाट म्हणजे वरदान, हे मी मान्य करतो. पण भाचा त्या लाटेकडे असा टक लावून बसला, की ऐकायचंच विसरला. चाखायच्या ऐवजी मेनूकार्ड वाचणारी माणसं असतात ना, तसं.

उलट मधल्याकडे एक गुण असा आहे, जो थोरल्याला नाही. एक बटण दाबलं की तो ठोके मोजून गाण्याचा तुकडा आपोआप गोल गोल फिरवत राहतो. थोरल्याकडे त्या तुकड्याचा आरंभ आणि शेवट कानानं पकडून स्वतः दाबावा लागतो. यावर जाणकार म्हणतात, की व्यावसायिकाला असलं आयतं नकोच. मला हा युक्तिवाद ओळखीचा वाटला. आमचे जुने हेडक्लार्क कॅल्क्युलेटरबद्दल हेच म्हणत.

(यंत्राबाहेरही जग असतं. गोव्यात हणजुण्याच्या पार्ट्यांमध्ये गोवा गिल डॅट टेपांवर वाजवायचा. ठोक्याला ठोका जुळवणं त्या टेपांवर जवळजवळ अशक्य. एक गाणं संपत आलं की दुसरं सोडायचं. लोक सूर्य वर येईपर्यंत नाचत. २०२३ साली तो गेला. त्याच्या टेपा टक्केवारीत कुठे बसतात ते मला अजून मांडता आलेलं नाही.)

भाच्याचं शेवटचं अस्त्र होतं ते प्रतिष्ठेचं. "मामा, मोठ्या क्लबात हजारच असतात. हाताला सवय नको?" असत, हे खरं. पण २००९ साली सीडीजे-२००० आला आणि गाणी पेनड्राइव्हवर गेली. २०२० च्या सीडीजे-३००० ला तर सीडी घालायची फटच नाही. नावात सीडी, अंगात नाही! तेव्हा क्लबाच्या सवयीसाठी हजार घेणं म्हणजे बंद झालेल्या शाखेचं पासबुक भरून घेणं. त्या जादा पैशात निम्मी तरी रक्कम नुसत्या नावाची आहे, आणि नावावर घसारा सर्वांत जास्त.

मग तो तडजोडीला आला. एक हजार, एक आठशे घेऊ म्हणाला. मी साफ नाही म्हटलं. उजव्या हाताला एक थाळी जड आणि डाव्या हाताला दुसरी हलकी, अशा जोडीवर कोण शिकेल? जोडी सारखीच हवी. आणि जुना माल घेताना मॉडेलपेक्षा बटणं पाहावीत. प्ले आणि क्यू ही दोन बटणं सर्वांत जास्त मार खातात. वेगाची पट्टी शून्यावर ठेवली तर आकडाही शून्य दाखवतो का? घरी जाळलेली सीडी लेन्स निमूट वाचते का? यात पास होईल तो भाऊ आपला.

दोन आठशे घरी आले. ठेवीतले काही पैसे उरले. ते ताईनं भाच्याच्या हाती दिले नाहीत. स्वतः दुकानात गेली, आणि सरावासाठी सगळ्यात जाड गादीचा हेडफोन मागितला.