जप्तीची रांग आणि तिच्यातला शेवटचा माणूस

एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स झाल्यावर पीएच.डी. नेमकी कशावर करतेस, असं जासईत कोणी विचारलं की मी सांगते, "रांगांवर." लोक हसतात. पण आज लिहायचंय ते कायद्याबद्दल, आणि त्यातही शेवटी रांगच आहे.

मालमत्ता जप्तीच्या कायद्यांवरची टीका आपल्याकडे बरीचशी अमेरिकेतून येते. तिथे गुन्हा सिद्ध न होताच पोलीस गाडी, रोकड, घर ताब्यात घेऊ शकतात आणि पुष्कळ ठिकाणी तो पैसा पोलीस खात्यालाच मिळतो. न्यू मेक्सिकोने २०१५ मध्ये ही पद्धत मोडली. २०१९ मध्ये टिम्ब्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अवाजवी दंडावरची बंदी राज्यांनाही लागू आहे. त्यावरून आपल्याकडचे सुधारणावादी एकच मागणी करतात: आधी दोष सिद्ध करा, मग हात लावा.

ऐकायला बरोबर वाटतं. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणाला ते लावून बघा.

बँकेचे माजी अध्यक्ष आणि माजी आमदार विवेकानंद पाटील यांना ईडीने जून २०२१ मध्ये अटक केली. बँकेचा पैसा बनावट कर्जखात्यांतून बाहेर काढल्याचा आरोप होता. त्याच ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेचा परवाना रद्द केला आणि ईडीने सुमारे २३४ कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली. त्यात कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीही होती. २०२३ मध्ये आणखी सुमारे १५२ कोटींची भर पडली. जुलै २०२५ मध्ये ही एकूण ३८६ कोटींची मालमत्ता ठेवीदारांसाठी बँकेच्या अवसायकाकडे देण्याचा मार्ग विशेष न्यायालयाने मोकळा केला. आणि हे झालं ते दोषसिद्धीची वाट न बघता.

हे शक्य झालं ते मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे पीएमएलएच्या, कलम ८(८) मुळे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर विशेष न्यायालय खटला चालू असतानाच नुकसान झालेल्याला मालमत्ता परत देऊ शकतं. "आधी दोषसिद्धी" हा नियम कडक पाळला असता तर ठेवीदार अजून कागद घेऊन उभे असते. म्हणून ती सुधारणा जशीच्या तशी उचलून आणायला माझा विरोध आहे.

आरोपीची बाजू मला क्षुल्लक वाटते असं मात्र समजू नका. पीएमएलएमध्ये अधिकाऱ्याच्या 'सबळ कारणावर' १८० दिवसांची तात्पुरती टाच येते, न्यायनिर्णय प्राधिकरणाने ती कायम केली की पुढे खटला चालेल तितका काळ राहू शकते, आणि पैसा स्वच्छ आहे हे दाखवायचा भार कलम २४ बऱ्याच अंशी आरोपीवर टाकतं. २७ जुलै २०२२ च्या विजय मदनलाल चौधरी निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं टिकवलं. अंतिम जप्तीआधी प्रत्यक्ष ताबा मात्र अपवादानेच घ्यावा, एवढी लगाम घातली. पण मालमत्ता विकून पैसे वाटले आणि नंतर आरोपी सुटला तर? कलमात याचं धड उत्तर नाही.

आता रांग. बँक बुडाली की ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत देतं (४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती). परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं की ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल. आकडा खरा आहे, पण तो माणसांचा आहे, रुपयांचा नाही. उरलेल्या ५ टक्क्यांत कोण येतात याचा विचार करा. आमच्या पनवेल-उरण पट्ट्यात मोठी ठेव म्हणजे श्रीमंती असं समीकरण नाही. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध लोक रस्त्यावर आले, दोन दिवसांत पाच जण गोळीबारात गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन मिळवली. जमीन गेलेल्या घरात मोबदल्याचा पैसा एकदाच येतो, आणि तोच पुढच्या पिढीची शेती असतो.

हा ५ लाखांवरचा ठेवीदार रांगेत महामंडळाच्या मागे उभा आहे. विमा कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अवसायकाने वसुलीतून आधी महामंडळाचे पैसे फेडायचे असतात, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अग्रक्रम मान्य केला. म्हणजे '३८६ कोटी ठेवीदारांना परत' या बातमीतला पहिला मोठा घास विमा निधीचा. महामंडळ इथे खलनायक नाही, त्याचा निधी देशभरच्या ठेवीदारांचा आधार आहे. पण रांगांच्या गणितात एक जुना निष्कर्ष आहे: साध्या गृहीतकांखाली, कोणाला पुढे घेतलं म्हणून एकूण थांबणं कमी होत नाही, ते फक्त मागच्याच्या वाट्याला येतं. सरासरी बघणाऱ्याला हे दिसतच नाही.

शिवाय ३८६ कोटी म्हणजे रोख नव्हे. ती टाच आणतानाची किंमत आहे. त्यातल्या जमिनींचा लिलाव होऊन काय येईल, हे वेळेवर अवलंबून आहे. विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. इथल्या जमिनीच्या बाबतीत घाई आणि दिरंगाई दोन्ही महाग पडतात.

डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की ईडीने २२,२८० कोटींची मालमत्ता परत केली, त्यातले १४,१३१ कोटी विजय मल्ल्या प्रकरणातले. ते गेले सरकारी बँकांना. त्यांच्याकडे वकिलांची फौज असते. ठेवीदाराकडे पासबुक असतं.

म्हणून सुधारणा हव्यात त्या परतीच्या टोकाला. कलम ८(८) खालच्या अर्जावर निर्णयाची ठरलेली मुदत हवी. आरोपी सुटल्यास द्यायची भरपाई कायद्यात लिहिलेली हवी. अवसायकाने दर सहा महिन्यांनी दोन आकडे जाहीर करावेत: महामंडळाला किती गेले आणि ५ लाखांवरच्या ठेवीदारांना किती. आणि वसुलीतला काही हिस्सा, निदान एका मर्यादेपर्यंत, या दोघांत प्रमाणात वाटला जावा. शेवटची मागणी सगळ्यात अवघड आहे, कारण त्यासाठी पीएमएलए नाही तर विमा कायदा बदलावा लागेल, आणि जप्तीवर चर्चा करणारे तो कायदा उघडतच नाहीत.

पुढच्या पोस्टमध्ये अग्रक्रमाच्या रांगेचं गणित, आकृत्यांसकट.