क्रीडाछायाचित्रण आणि खेळाची संस्कृती : बुलढाणा जिल्ह्यातील कबड्डीच्या संदर्भात

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्याचे छायाचित्र म्हटले की लोणारचे सरोवर डोळ्यांसमोर येते. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा ते चित्र जगभर पोहोचले. याच जिल्ह्यात गावोगावी फक्कीच्या रेषा आखून कबड्डी खेळली जाते. तिचे असे एखादे चित्र मात्र चटकन आठवत नाही. याचे कारण कॅमेऱ्यांचा अभाव हे नव्हे. कॅमेरा कोणाकडे वळतो, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

समारंभाचे चित्र

स्थानिक क्रीडावृत्तासोबतचे छायाचित्र बहुधा ठरावीक असते. पाहुणे नारळ फोडतात, नाणेफेक करतात किंवा चषक देतात. महाविद्यालयीन वार्षिकांकही याला अपवाद नाहीत. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर प्राचार्य व क्रीडाशिक्षक, मागे हात बांधून उभे खेळाडू आणि समोर जमिनीवर ढाल, अशी ही रचना असते. पाहुण्यांची नावे पदांसह छापली जातात. खेळाडूंची बोळवण ‘विजयी संघ’ या दोन शब्दांत होते. अशा चित्राला दस्तऐवज म्हणून मूल्य आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो दस्तऐवज सत्काराचा होय, खेळाचा नव्हे.

उसनी दृष्टी

या चित्राला कंटाळलेला तरुण छायाचित्रकार दुसऱ्या टोकाला जातो. दूरवरून लांब पल्ल्याच्या भिंगाने तो पकडीचा क्षण टिपतो. ताणलेले स्नायू, उडालेली धूळ आणि मागे पुसट झालेले सर्व काही, असे हे चित्र आकर्षक असते. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यानंतर मॅटवरील झगमगीत दृश्यांमुळे या पद्धतीला विशेष प्रतिष्ठा लाभली. मात्र तिची मुळे अन्यत्र आहेत, हे लॅक्रॉसशी तुलना केल्यास स्पष्ट होते.

लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींचा खेळ. जाळीदार टोकाच्या काठीने चेंडू झेलत-फेकत तो खेळला जातो. त्याचे मैदान सुमारे १०० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असते. बाहेर उभ्या असलेल्या छायाचित्रकाराला तेथे लांब पल्ल्याचे भिंग अपरिहार्य ठरते. कबड्डीचे मैदान पुरुषांसाठी १३ × १० मीटर आणि स्त्रियांसाठी १२ × ८ मीटर, म्हणजे लॅक्रॉसच्या मैदानाच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढे. गावात तर प्रेक्षक रेषेला लागूनच बसतात. जी दृष्टी एका खेळात गरजेपोटी आली, ती दुसऱ्या खेळात केवळ अनुकरणाने स्वीकारली जाते आणि रेषेवरचे गाव चौकटीबाहेर जाते.

लॅक्रॉसच्या चित्रपरंपरेतही दुसरी वाट होती. १८३४ मध्ये चॉक्टॉ लोकांचा चेंडूखेळ पाहून जॉर्ज कॅटलिन याने रंगविलेल्या चित्रांत विस्तीर्ण मैदान, खेळाडूंची दाटी आणि सभोवतालचा समुदाय एकत्र दिसतो. त्याच वेळी टुलॉक-चिश-को या नामवंत खेळाडूचे व्यक्तिचित्र त्याने नावासह रंगविले. कॅटलिनची नजर बाहेरून आलेल्याची होती, हा आक्षेप रास्तच आहे. तथापि समुदाय आणि व्यक्ती या दोहोंची नोंद त्याने ठेवली. पुढे १८६७ मध्ये माँट्रियलच्या जॉर्ज बीअर्स याने खेळाचे नियम संहिताबद्ध केले आणि १८८० च्या सुमारास हौशीपणाच्या नियमाआड मूलनिवासी खेळाडूंनाच कॅनडातील राष्ट्रीय स्पर्धांतून वगळण्यात आले. खेळ ज्यांचा, त्यांनाच त्याच्या इतिहासातून बाजूला सारले जाऊ शकते, हा यातील बोध होय.

विदर्भाचा संदर्भ

आपल्याकडेही ही शक्यता दूरची नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या (स्थापना १९१४) पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके केली. त्याच ऑलिम्पिकवरील ‘ऑलिंपिया’ (१९३८) या चित्रपटात लेनी रीफेनश्टाल हिने खड्ड्यांत कॅमेरे ठेवून खेळाडूंना आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे केले. भूमीपासून तोडलेल्या पराक्रमी देहाची ही प्रतिमा आजही क्रीडाछायाचित्रणावर प्रभाव गाजविते. कबड्डीचे मर्म तिच्यात मावत नाही. या खेळाचा प्राण म्हणजे दम. तो दिसत नाही, ऐकू येतो. चढाईपटूच्या ओठांकडे, साखळी धरलेल्या हातांकडे आणि श्वास रोखून बसलेल्या प्रेक्षकांकडे एकत्र पाहिले, तरच त्याचा काही अंश चित्रात उतरतो.

अशा चित्राचे मोल केवळ सौंदर्याचे नाही. मुलींच्या सामन्याला गावातील स्त्रिया येतात काय, आल्या तर कोठे बसतात, शेतातून परतलेला मजूर कोणाशेजारी उभा राहतो, या प्रश्नांची उत्तरे गुणपत्रकात मिळत नाहीत. ती चौकटीच्या कडांवर सापडतात. आणि लांब पल्ल्याचे भिंग नेमक्या त्या कडाच कापून टाकते.

समारोप

तात्पर्य, समारंभाच्या चित्रातून खेळ हरवतो आणि क्षणाच्या चित्रातून गाव. या दोहोंपलीकडे जाण्यासाठी महागड्या साधनांची आवश्यकता नाही. रेषेजवळ बसणे, रुंद चौकट स्वीकारणे आणि चित्राखाली प्रत्येक खेळाडूचे नाव, गाव व दिनांक नोंदविणे एवढे पुरेसे आहे. याची सुरुवात महाविद्यालयांनी आपल्या वार्षिकांकापासून करावी. तसे न झाल्यास उद्याच्या संशोधकाला या जिल्ह्यात कोणी नारळ फोडले ते कळेल. कोण खेळले, ते कळणार नाही.