नाणे, चिठ्ठी आणि न्याय्यता : संभाव्यतेच्या अध्यापनाची एक चिकित्सा

ग्रामपंचायत निवडणुकीत दोन उमेदवारांना समान मते पडली, की निर्णय सोडतीने होतो. दौंड-शिरूरच्या खेड्यापाड्यांतही या सोडतीला ‘ईश्वरी चिठ्ठी’ म्हणतात. या शब्दप्रयोगात एक सोय दडलेली आहे : निकालाची जबाबदारी ईश्वरावर सोपवली, की चिठ्ठ्या कोणी घड्या घातल्या, कशा मिसळल्या, हे विचारण्याचे कारण उरत नाही. आपल्या वर्गांतील ‘निःपक्ष नाणे’ हेही नेमके हेच काम करते, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

दहावीच्या ‘संभाव्यता’ या प्रकरणात विद्यार्थ्याला नाणे, फासा आणि पत्ते भेटतात. निष्पत्ती समसंभाव्य मानल्या, की छापा पडण्याची संभाव्यता १/२ येते. गणित म्हणून हे निर्दोष आहे. दोष आपल्या अध्यापनात आहे. कारण ‘मानल्या’ हे क्रियापद आपण उच्चारतो आणि लगेच विसरतो. गृहीतक हळूहळू नाण्याचा गुणधर्म बनते.

वास्तविक हे गृहीतक तपासता येते. जॉन केरिच यांनी दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना १०,००० वेळा नाणे उडवले. ५,०६७ वेळा छापा पडला. येथे प्रमाण विचलन ५० असल्याने ६७ चे आधिक्य संशयास्पद नाही. याउलट २००७ मध्ये पर्सी डायकोनिस व सहकाऱ्यांनी असे दाखवले, की हाताने उडवलेले नाणे ज्या बाजूने सुरू होते त्याच बाजूवर पडण्याकडे किंचित झुकते. बार्टोश व सहकाऱ्यांच्या २०२३ मधील अभ्यासात ४८ जणांनी केलेल्या ३,५०,७५७ नाणेफेकींत हे प्रमाण ५०.८ टक्के आढळले. आधिक्य टक्क्याहूनही कमी. परंतु प्रमाण विचलनाच्या ते नऊपटींहून जास्त आहे. म्हणजे कल नाण्यात नसून फेकीत आहे.

मग नाणेफेक अन्याय्य ठरते काय? नाही. सुरुवातीची बाजू न पाहता कौल मागणाऱ्याला या कलाचा लाभ घेता येत नाही. नाणेच सदोष असेल, तर जॉन फॉन नॉयमन यांनी १९५१ मध्ये सुचवलेला उपाय आहे : एकाच रीतीने दोनदा उडवावे, छापा-काटा आल्यास एक पक्ष, काटा-छापा आल्यास दुसरा, दोन्ही वेळा सारखेच आल्यास पुन्हा उडवावे. वाकड्या नाण्यातूनही सरळ न्याय मिळतो. कारण न्याय्यता वस्तूत नसून कार्यपद्धतीत असते.

चिठ्ठीलाही हाच निकष लागू होतो. १९६९ मध्ये अमेरिकेत लष्करभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली गेली. कुप्या पुरेशा न मिसळल्याने वर्षअखेरीच्या तारखांना आधीचे क्रमांक मिळण्याचे प्रमाण जास्त राहिले. सोडत सर्वांसमक्ष झाली होती. तरीही ती समसंभाव्य नव्हती.

मुंबई महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांना समान मते मिळाली व सोडतीने शहा विजयी झाले. लोकसभा-विधानसभेसाठीही लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चे कलम ६५ अशा वेळी चिठ्ठीचाच मार्ग सांगते. जिच्या बाजूने चिठ्ठी निघेल त्या व्यक्तीला एक मत अधिक मिळाले असे मानले जाते. एका चिठ्ठीचे मोल एका मताएवढे असेल, तर मतपेटीइतकीच दक्षता त्या डब्याच्याही वाट्याला यायला हवी. चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच आकाराच्या व सारख्याच घडीच्या आहेत, हे दोन्ही पक्षांनी आधी तपासावे. लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी उचलली तर उचलणारा निरागस ठरतो, डबा नव्हे.

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तालुक्याच्या ठिकाणी निघते, तेव्हा आपले विद्यार्थी तेथे उमेदवारांचे नातलग म्हणून, मतदार म्हणून उपस्थित असतात. त्यांना १/२ हे उत्तर ठाऊक असते, ‘मिसळले कसे?’ हा प्रश्न मात्र आपण शिकवलेला नसतो. संभाव्यतेच्या पहिल्या तासाला फळ्यावर अपूर्णांक लिहिण्यापूर्वी हा प्रश्न लिहावा, एवढीच अध्यापक-बंधुभगिनींना विनंती.