प्रोग्रामेबल लॉजिकचे मुक्त बोर्ड आणि देवनागरीचे अक्षर

पडद्यावर अक्षर उमटते ते कोणाच्या नियमाने, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने परका मानण्याचे कारण नाही. लेखनाच्या रूपासंबंधीचे निर्णय पूर्वी वैयाकरण व मुद्रक घेत असत. १९८० नंतर त्यांपैकी कित्येक निर्णय इलेक्ट्रॉनिक कार्डांवर जाऊन बसले. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड हे त्याचे ठळक उदाहरण होय.

आय.आय.टी. कानपूर येथे आरंभ झालेले हे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले. त्या काळच्या पीसीचा मजकुराचा पडदा सामान्यतः ८० स्तंभ व २५ ओळी असा आखलेला असे: एका घरात एक चिन्ह, एका क्रमांकास एकच आकृती. रोमन लिपीस ही चौकट मानवते. देवनागरीत मात्र ‘कि’मधील वेलांटी उच्चारात मागून येते व लेखनात पुढे उभी राहते, ‘राष्ट्र’मधील जोडाक्षर तर चौकटच मोडते. मूळच्या इंग्रजी प्रोग्रॅमांना हात न लावता ही सारी जुळवाजुळव कार्डाने केली, ही कामगिरी लहान नव्हे. परंतु कार्ड ही विकत घेण्याची वस्तू होती, वाचण्याची नव्हे. आत कोणता नियम कोणत्या नियमाच्या आधी लागतो, हे बाहेरच्या अभ्यासकास तपासता येत नसे, मग त्यावर टीका कोठून होणार?

प्रोग्रामेबल लॉजिकच्या चिपेचे महत्त्व येथे आहे. या जातीची पहिली चिप झायलिंक्स कंपनीने १९८५ मध्ये काढली. तीत अवघे ६४ लॉजिक-खंड होते. अशा चिपेतील घटक म्हणजे वस्तुतः लहानसे कोष्टक. चार प्रश्नांची ‘हो-नाही’ उत्तरे आत जातात, आणि सोळांपैकी एका घरातले उत्तर बाहेर येते. कोष्टके पुन्हा भरली की यंत्रच निराळे होते. ती भरण्यासाठी व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉग या ‘भाषा’ वापरतात. त्यांतील समवर्ती विधानांचा क्रम उलटसुलट केला तरी अर्थ तोच राहतो, हे वाक्यविचाराच्या विद्यार्थ्यास गमतीचे वाटेल. म्हणूनच वेलांटीच्या स्थलांतरासारखा क्रमाधीन नियम तेथे गृहीत धरून चालत नाही. पायरीपायरीने, उघड शब्दांत मांडावा लागतो.

मात्र ‘मुक्त’ हे विशेषण सैलपणे वापरले जाते. ओपन ग्राफिक्स प्रोजेक्टच्या ओजीडी-१ या बोर्डाचे आराखडे खुले होते. पण त्यावरील झायलिंक्सची स्पार्टन-३ चिप भरण्यास कंपनीचेच बंद सॉफ्टवेअर लागे. पाटी खुली, लेखणी कुलपात, अशी ती अवस्था. २०१५ च्या प्रोजेक्ट आइसस्टॉर्मने लॅटिस कंपनीच्या आइस-४० चिपेची अंतर्गत मांडणी उलगडली, तेव्हा ही अडचण प्रथम खऱ्या अर्थाने दूर झाली. झाग्रेबच्या रादिओना गटाचा यूएलएक्स-३-एस बोर्ड त्याच वाटेने पुढे गेला.

असे असूनही शिकाऊ अभ्यासात काय दिसते? पडद्यावर अक्षरे काढण्याचा नेहमीचा पाठ आठ बिंदू रुंदीची रोमन अक्षरे घेऊनच चालतो. चाळीस वर्षांपूर्वीची चौकट मुक्त बोर्डावर जशीच्या तशी उतरते, आणि ती लिपीविषयीचे एक विधान आहे याची जाणीव शिकविणाऱ्यासही क्वचितच असते. बोर्डाच्या मोकळेपणाला त्यामुळे निम्मेच मोल उरते.

उल्हासनगर–अंबरनाथ–कुळगाव या पट्ट्यात हा मुद्दा केवळ मराठीपुरता नाही. फाळणीनंतर उल्हासनगरात वसलेल्या समाजाची सिंधी ही भाषा अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाते, तशी देवनागरीतही. तिच्या अंतःस्फोटक व्यंजनांची ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अक्षरे युनिकोडमध्ये २००६ साली आली. आकृत्यांचे कोष्टक चिपेत कायमचे कोरलेले असेल तर अशी भर घालता येत नाही. प्रोग्रामेबल चिपेत ते कोष्टक पुन्हा भरले की झाले.

मराठीपुरती कसोटी हवी असेल तर ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ ही जोडी पुरे. पहिल्यातला रफार आणि दुसऱ्यातला अर्धा र हा भेद अर्थाचा आहे. त्यासाठी ‘ऱ’ला हलन्त जोडण्याची १९९१ च्या इस्की मानकातील योजना युनिकोडनेही मान्य केली आहे. जो बोर्ड या दोन शब्दांना एकच रूप देतो, त्याच्या कोष्टकातील नेमकी कोणती ओळ चुकली हे आता दाखविता येते, आणि ती ओळ भाषेच्या विद्यार्थ्यालाही वाचता येते.