पानिपत, सुलतान बाजारातून वाचताना

हैदराबादच्या हायटेक सिटीत नोकरी करणाऱ्या मराठी पोरांना विज्ञानकथेत सध्या काय वाचताय म्हणून विचारलं, की लिऊ त्सिशिनची ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ आणि अँडी वीअरची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ ही नावं हमखास निघतात. दोन्ही खुशाल वाचावीत. मी मात्र जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ सुचवतो. गंमत अशी, की सीबीएसईतून अकरावी केलेल्यांनी ती वाचलेलीच असते. ‘हॉर्नबिल’ या इंग्रजीच्या पुस्तकातला ‘द ॲडव्हेंचर’ नावाचा धडा तो हाच. प्रश्नोत्तरांपुरत्या वाचलेल्या कथेचं जे व्हायचं तेच हिचंही होतं.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात आणि भलत्याच मुंबईत उतरतात. तिथे अजून ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल आहे. दुसरा कुणी असता तर हातपाय गाळून बसला असता. पंत टाउन हॉलमधलं ग्रंथालय गाठतात आणि इतिहास वाचायला घेतात, तोही स्वतःच लिहिलेला! पानिपतापर्यंत सगळं ओळखीचं. तिथे मात्र विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाजवळून निघून जाते, आणि मराठे जिंकतात. एवढ्या एका गोळीवर नारळीकर अख्खा दुसरा हिंदुस्थान उभा करतात. यंत्र नाही, परग्रहवासी नाही. पुरावा काय, तर नकळत खिशात राहिलेलं बखरीचं पान. इतिहासाच्या माणसाला पटेल असाच तो आहे. पुरावा पात्राच्या पेशातूनच यावा, हे भल्याभल्या विज्ञानकथाकारांना साधत नाही.

आझाद मैदानावरचा प्रसंग तर खास मराठी. अध्यक्षपदाची सवय जडलेल्या पंतांना व्यासपीठावर रिकामी खुर्ची दिसते आणि राहवत नाही. त्या जगातल्या लोकांनी अध्यक्षीय भाषणं केव्हाच मोडीत काढली आहेत. ते पंतांना बोलू देत नाहीत. कुणाचाही सत्कार असो, आधी अध्यक्ष शोधणाऱ्या आपल्या समाजाला नारळीकरांनी इथे हसत हसत चिमटा काढलाय. शेवटी मित्र राजेंद्र देशपांडे पंतांना पुंजभौतिकी समजावतात, तेव्हा कथा जरा वर्गात जाऊन बसते. लेखकातला मास्तर तिथे लेखकाला भारी पडतो.

कंपनीची मुंबई पुण्यातल्या वाचकाला अचाट वाटेल. हैदराबादकराला तितकी वाटू नये. कोठीचं विमेन्स कॉलेज ज्या वास्तूभोवती वाढलं, ती ब्रिटिश रेसिडेन्सी. तिच्या भोवतीच्या रेसिडेन्सी बाजारात निजामाच्या राज्यात असूनही निजामाचा हुकूम चालत नसे. १९३३ मध्ये तो भाग निजामाला परत मिळाला आणि सुलतान बाजार झाला. इथली जुनी मराठी वस्ती याच टापूतली. म्हणजे नारळीकरांनी कल्पनेनं मुंबईत बेतलेला परका तुकडा इथे खरोखरच नांदत होता.

आणि निजाम? तो या कथेत औषधालाही नाही. पानिपताच्या आदल्याच वर्षी, १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊंनी उदगीरला त्याला हरवून दौलताबादसकट मोठा मुलूख घेतला होता. पूर्वी त्याच्याच चाकरीत असलेला इब्राहिमखान गारदी तेव्हा भाऊंच्या तोफा चालवत होता. निजामाची राजधानी त्या वेळी औरंगाबाद. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सगळं फिरलं. निजामअलीला बळ चढलं; १७६३ मध्ये त्यानं पुणं लुटलं, जाळलं, मग राक्षसभुवनला मार खाल्ला, आणि त्याच साली राजधानी हैदराबादला हलवली. भाऊ जिंकून परतले असते, तर हे झालं असतं का? चारमिनार होताच, तो १५९१ चा, कुतुबशहांचा. पण दरबार इथे आला नसता तर रेसिडेंटला इथे काय काम होतं? आणि रेसिडेन्सी नसती, तर तिच्या सावलीतला बाजार तरी कुठून आला असता? नारळीकरांची गाडी पुणे-मुंबई मार्ग सोडत नाही. हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनवर उतरणारे गंगाधरपंत अजून कुणी लिहिलेले माझ्या वाचनात नाहीत.