आपला कृपाभिलाषी

तक्रार-अर्ज हा मराठी गद्याचा सर्वांत नम्र प्रकार. साताऱ्याचा अर्ज कंदी पेढ्यासारखा गोड. सांगलीचा हळदीसारखा, म्हणजे जखम आपली आणि लेपही आपणच लावायचा! आमच्या शेजारच्या मास्तरांचा, न फिरणाऱ्या पंख्याविषयी कंपनीला लिहिलेला अर्ज मी वाचलाय. सुरुवातीला ‘सविनय’, शेवटी ‘कृपाभिलाषी’, मधे दोनदा आभार. पंखा कधी, कुठे घेतला, हे मात्र नाही! समीक्षक म्हणून माझा अभिप्राय : शैली उत्तम, आशय बेपत्ता. अहो, १९८६ च्या कायद्याने ग्राहकाला हक्क दिला, २०१९ च्या कायद्याने जिल्हा मंचाचा आयोग झाला. आपण अजून कृपाच मागतोय! नम्रता राहू द्या; पण तारीख, पावतीचा नंबर आणि ‘अमुक दिवसांत उत्तर हवे’ एवढे लिहाच. पेढे काय, पंखा फिरल्यावर वाटू.