कॅमेरा कुठे होता?

एवढ्या ट्रॅफिकमधून वाट काढत जुहूपर्यंत आलात, त्याबद्दल आधी आभार. इथून जवळच आपला जुना विमानतळ आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन तिथेच उतरले. पुढे १९६२ मध्ये आणि परत १९८२ मध्ये त्यांनी तेच उड्डाण पुन्हा करून दाखवलं. त्यामुळे आज पांढऱ्या कपड्यातल्या जेआरडींचा एखादा फोटो समोर आला, की आधी वय बघावं लागतं आणि मग साल ठरवावं लागतं. खाली तारीख नसेल तर भलेभले चुकतात. आजचा विषय अंतराळातल्या फोटोंचा आहे, पण अडचण तीच आहे, म्हणून विमानतळापासून सुरुवात केली.

आमची एक फजिती सांगतो. सप्टेंबर २०२३. चांद्रयान-३ उतरून दोन-तीन आठवडे झाले होते. आम्ही हौशी मंडळी शाळाशाळांतून स्लाइड दाखवत फिरत होतो. याच बाजूच्या एका शाळेत आम्ही चंद्राच्या मातीत उमटलेल्या राजमुद्रेचा फोटो दाखवला. सिंह, खाली इस्रोचं चिन्ह, सगळं कसं ठसठशीत. टाळ्या पडल्या. मग सातवीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, ‘‘सर, हा फोटो काढताना कॅमेरा कुठे होता?’’

आम्ही म्हटलं, रोव्हरवर. ती म्हणाली, ‘‘पण रोव्हरचे कॅमेरे तर पुढे आहेत, तुम्हीच आत्ता सांगितलंत. मग मागच्या चाकाचा ठसा एवढ्या जवळून कुणी काढला?’’

उत्तर नव्हतं. घरी येऊन शोधलं, तर तो फोटो नव्हताच. लँडिंगच्या उत्साहात कुणीतरी कॉम्प्युटरवर केलेलं चित्र होतं ते, आणि सबंध देशाने ते एकमेकांना पाठवलं. आम्हीही पाठवलं. वीस-वीस वर्षं दुर्बीण खांद्यावर घेऊन फिरणाऱ्यांनी पाठवलं! चाकांवर राजमुद्रा आणि इस्रोचं चिन्ह कोरलेलं होतं, हे खरं. पण ठसे काही तसे स्पष्ट उमटले नाहीत. आणि गंमत बघा, न उमटलेला ठसा जास्त बोलका होता. इस्रोप्रमुख सोमनाथ यांनी नंतर सांगितलं, की तिथली माती नुसती भुसभुशीत धूळ नाही, ती ढेकळं धरणारी आहे. म्हणजे खऱ्या फोटोत मातीचा स्वभाव कळत होता आणि खोट्यात फक्त आपली छाती फुगत होती. आपण दुसरा निवडला.

तेव्हापासून आम्ही त्या मुलीचा प्रश्न उसना घेतला आहे. प्रत्येक चित्राला तोच विचारायचा.

आता २३ ऑगस्ट २०२३ ची ती संध्याकाळ घ्या. सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम उतरला. इस्रोचं यूट्यूब प्रक्षेपण एकाच वेळी ऐंशी लाखांहून जास्त लोक बघत होते. त्या माध्यमावरचा तो तेव्हाचा विक्रमच. आम्हीही पार्ल्यात एका घरी दहा-बारा जण दाटीवाटीने बसलो होतो. पण पडद्यावर काय दिसत होतं? आठवून पाहा. निळ्या आलेखावर खाली येणारी रेषा, आकडे, नियंत्रण कक्षातले चेहरे, आणि करड्या जमिनीवर हळूहळू उतरणारं एक यान. ते यान म्हणजे ॲनिमेशन होतं. यानाकडून येणाऱ्या आकड्यांवर हलणारं, म्हणून खोटं नव्हे. पण कॅमेऱ्याने टिपलेलंही नव्हे. आमच्यातल्या निम्म्या लोकांना वाटलं, आपण चंद्र बघतोय. कोपऱ्यात दोन शब्द लिहिले असते, ‘संगणकीय चित्रण’, तर काय बिघडलं असतं? थरार कमी झाला असता? आम्हाला नाही वाटत. क्रिकेटमध्ये चेंडूचा मार्ग दाखवणारं चित्र संगणकाचं असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी पायचीतचा निर्णय येईपर्यंत श्वास रोखलेला असतोच.

आणि एक. त्याच वेळी खरा चंद्र दक्षिणेच्या आकाशात होता, अष्टमीच्या आसपासचा, जवळजवळ अर्धा. ढग असतील तुमच्याकडे, मान्य. पण चंद्र अर्धा असण्यामागे या मोहिमेचं अख्खं वेळापत्रक होतं. विक्रमची मदार सूर्यप्रकाशावर, म्हणून उतरायचं तिथली सकाळ सुरू झाल्यावर, म्हणजे पुढचे चौदा दिवस उजेड मिळतो. उतरण्याची जागा कुठे आणि उजेड-अंधाराची सीमारेषा कुठे, हे बाल्कनीतून बोटाने दाखवता आलं असतं. प्रक्षेपणात एवढ्या लोकांनी एवढी भाषणं केली, त्यात ‘खिडकीतून बाहेर बघा’ एवढं कुणी म्हटल्याचं आम्हाला आठवत नाही.

त्यानंतर आलेला पहिला फोटो मात्र आम्हाला फार आवडतो. त्यात काही नाही म्हणून आवडतो. थोडी सपाट जमीन, यानाचा एक पाय आणि त्याची सावली. कॅमेरा कुठे होता? यानावरच, खाली बघत. तो फोटो सांगतो, की बऱ्यापैकी सपाट जागा निवडली होती आणि ती मिळाली. सावली लांब आहे, म्हणजे सूर्य क्षितिजापासून फार वर नाही. एवढ्याशा फोटोत दोन गोष्टी शाबीत होतात. आमच्या ग्रुपवर त्यावर प्रतिक्रिया काय आली? ‘क्लॅरिटी नाही यार. माझा फोन यापेक्षा बरा काढतो.’ हे आपल्यातलेच लोक.

मग ३० ऑगस्टला प्रज्ञानने विक्रमचा फोटो काढला. इस्रोने तो ‘स्माइल प्लीज’ म्हणून प्रसिद्ध केला. त्यानंतर रोव्हर गोल फिरतो तो व्हिडिओ, त्यालाही चांदोमामाच्या अंगणात खेळणाऱ्या मुलाची उपमा. लोकांना आवडलं. गोड होतं, आमची तक्रार नाही. नासाच्या क्युरिऑसिटीने आणि आपल्या मंगळयानाने २०१४ मध्ये ट्विटरवर एकमेकांना रामराम केला होता, तेव्हा आम्हीही हसलोच होतो. तक्रार अशी, की लाड झाले आणि माहिती राहिली. विक्रमपासून रोव्हर किती मीटरवर होता, सूर्य कुठल्या बाजूला, चित्रावर काय संस्कार केले, हे फोटोसोबतच मिळायला हवं. त्याच फोटोत विक्रमची चास्ते आणि इल्सा ही उपकरणं बाणांनी दाखवली होती, हे मात्र उत्तम. चास्ते म्हणजे मातीत खुपसून तापमान मोजणारी सळई. तो एक बाण लाडाच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त काम करतो. ज्या हाताने तो बाण काढला, त्यालाच पूर्ण मजकूर लिहू द्या, एवढंच आमचं मागणं.

मंगळयानाचं उदाहरण यापेक्षा दुःखाचं आहे. २४ सप्टेंबर २०१४ ला ते मंगळाच्या कक्षेत गेलं आणि काही दिवसांतच त्याच्या रंगीत कॅमेऱ्याने सुमारे ७४,५०० किलोमीटरवरून अख्ख्या मंगळाचा फोटो पाठवला. उत्तर गोलार्धात धुळीचं वादळ दिसतंय. कॅमेरा कुठे होता, हा प्रश्न इथे सोन्याच्या मोलाचा आहे. अमेरिकेचं टेहळणी यान मंगळापासून जेमतेम तीनशे किलोमीटरवरून फिरतं. त्याला एकेक दगड दिसतो, पण पूर्ण मंगळ एका नजरेत येत नाही. आपल्याकडे मोठं रॉकेट नव्हतं, म्हणून आपली कक्षा लांबुळकी झाली आणि नेमक्या त्या उणिवेमुळे गोल, सबंध, वादळासकट मंगळ आपल्याला मिळाला. केवढी सुंदर गोष्ट! पण सांगितलं काय गेलं? साडेचारशे कोटी. पहिल्याच प्रयत्नात. रिक्षाच्या भाड्याशी तुलना. आणि सगळ्यात जास्त गाजलेला फोटो कुठला, तर साड्या नेसून आनंद साजरा करणाऱ्या इस्रोतल्या बायकांचा. त्या फोटोबद्दल आम्हाला आदरच आहे, अनेक मुलींनी तो पाहून विज्ञानाची वाट धरली असेल. पण मंगळयानाने पाठवलेला मंगळ आज इथे किती जणांना डोळे मिटून आठवतो?

हं. पाच हात.

आता २०१९. इथे जरा थांबावं लागेल, कारण आमचा खरा राग इथला आहे.

७ सप्टेंबरच्या पहाटे चांद्रयान-२ चा विक्रम पृष्ठभागापासून २.१ किलोमीटरवर असताना संपर्क तुटला. के. सिवन यांचे अश्रू सगळ्या देशाने पाहिले. तोपर्यंत कॅमेरे सगळीकडे होते. पुढच्या दिवसांत ते गायब झाले. ऑर्बिटरने लँडर शोधला आहे, असं सांगितलं गेलं. फोटो दाखवला नाही. ऑर्बिटरवरचा कॅमेरा फूटभर आकाराची वस्तू दाखवू शकतो, हे आपणच अभिमानाने सांगितलं होतं. मग लोक काय करणार? जुने, परदेशी, चितारलेले फोटो ‘विक्रम सापडला’ म्हणून फिरू लागले. आम्ही रोज रात्री बसून ते खोटे आहेत हे समजावत होतो, आणि दाखवायला खरा फोटो आमच्याकडे नव्हता.

तो अखेर कुठून आला? नासाने आपल्या चांद्रयानाने काढलेले त्या भागाचे फोटो २६ सप्टेंबरला जसेच्या तसे सगळ्यांसाठी खुले केले. चेन्नईतले एक इंजिनियर, षण्मुग सुब्रमण्यन, रात्र-रात्र आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवून एकेक ठिपका तपासत राहिले. एक ठिपका आधी नव्हता, नंतर होता. त्यांनी कळवलं, नासाने पुन्हा फोटो घेतले, आणि २ डिसेंबरला त्यांचं नाव घेऊन जाहीर केलं. आपल्याकडून उत्तर आलं, की आम्हाला हे आधीच माहीत होतं. असेलही! पण ठाऊक असणं आणि दाखवणं यांत जे अंतर आहे, त्यातच तो माणूस एकटा जागत होता. दरम्यान वेग ठरल्याप्रमाणे कमी झाला नाही आणि यान आदळलं, ही माहिती नोव्हेंबरमध्ये लोकसभेत, एका लेखी उत्तरात मिळाली.

इस्रोची बाजूही आहे. तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षं राबून उपकरण बनवलं, तर पहिला शोधनिबंध त्यांना लिहू द्यावा की नाही? युरोपात रोझेटा मोहिमेत हेच भांडण झालं. २०१४ मध्ये यान धूमकेतूपाशी पोचलं, आणि मुख्य कॅमेऱ्याच्या चमूने बरेचसे फोटो आपल्यापाशी राखून ठेवले. हौशी लोक संतापले. ती घुसमट आम्ही समजू शकतो, आणि काही महिने थांबायला आमची हरकत नाही. पण वैज्ञानिक मोजमापं राखून ठेवणं वेगळं आणि अपयशाचा फोटो राखून ठेवणं वेगळं. शिवाय उलट उदाहरणही आहे. गुरूभोवती फिरणाऱ्या जुनोवरच्या कॅमेऱ्याचे कच्चे फोटो थेट लोकांकडे येतात. २०१६ पासून गुरूची जी निळी-भुरी भोवऱ्यांची चित्रं तुम्ही भिंतीवर लावता, त्यातली कितीतरी हौशी लोकांनी घरी बसून घडवलेली आहेत.

आणि इस्रो सुधारली आहे, हेही त्याच दमात म्हणायला हवं. चांद्रयान-२ ची मोजमापं २०२० च्या डिसेंबरपासून, चांद्रयान-३ ची २३ ऑगस्ट २०२४ पासून खुली आहेत. नोंदणी करा, उतरवून घ्या. पुण्याच्या आयुकात घडलेल्या सूट दुर्बिणीने आदित्य-एलवन वरून सूर्याचे अतिनील फोटो पाठवले. ते डिसेंबर २०२३ मध्ये अकरा वेगवेगळ्या फिल्टरांतून आले, कुठला फिल्टर ते चित्रावर लिहून. लोकांनी विचारलं, सूर्य खरंच असा रंगीत आहे का? नाही. ज्या प्रकाशाला आपले डोळे आंधळे आहेत, त्याला दिलेले ते रंग आहेत. हे उत्तर देताना आम्हाला कुठेही लपवाछपवी करावी लागली नाही.

आता प्रश्न आमच्याकडे येतो. मोजमापं खुली झाली, पण या सभागृहातल्या किती जणांनी एकदा तरी ती उतरवून पाहिली? आम्हीही गेल्या वर्षीच पाहिली, आणि पहिला महिना नुसती फाइल उघडण्यात गेला. मराठीत त्याची साधी माहिती कुठे मिळेना. ‘इस्रो काही दाखवत नाही’ ही तक्रार करायला सोपी होती, म्हणून आम्ही ती दहा वर्षं करत राहिलो.

त्या शाळेत आम्ही परत गेलो होतो, ते सांगतो आणि प्रश्नोत्तरांकडे वळू. या वेळी पाय आणि सावली असलेला तोच फोटो मोठा छापून नेला. पट्टी आणि पेन्सिल दिली. आधी सगळ्यांनी विचारून घेतलं, कॅमेरा कुठे होता. मग उजेड कुठून येतोय ते शोधायला बसले. ती मुलगी आता नववीत आहे. तिने सावलीच्या दिशेने रेघ ओढली आणि म्हणाली, कॅमेरा तिरका असेल तर सावलीची लांबी फसवेल, मग कोन कसा काढायचा? दोन गटांची उत्तरं जुळली नाहीत आणि तास संपला. उरलेले छापील फोटो मागच्या टेबलावर ठेवले आहेत, जाताना एकेक घेऊन जा.